एका शिक्क्याचे मोल : बोर्दो, जून १९४०

धर्मग्रामाच्या कार्यालयात बसणाऱ्या धर्मगुरूला परदेशगमनाचा हंगाम दिनदर्शिका न पाहताही कळतो. स्नानसंस्काराचे दाखले मागणाऱ्यांची संख्या वाढू लागते. कुणाला आखातात नोकरी लागलेली असते, कुणाची मुलगी परिचारिका म्हणून युरोपात निघालेली असते, कुणी वृद्ध दांपत्य यात्रेकरूंच्या गटाबरोबर पवित्र भूमीच्या दर्शनास जाणार असते. सर्वांच्या हातांत कागदांची एक जाड पिशवी असते आणि सर्वांच्या चेहऱ्यावर एकच चिंता असते : व्हिसा मिळेल ना?

काही वर्षांपूर्वी भर पावसात एक वृद्ध माउली आपल्या मुलाच्या दाखल्यासाठी आली होती. नोंदवहीत वडिलांचे नाव एका तऱ्हेने लिहिलेले, मुलाच्या इतर कागदपत्रांत दुसऱ्या तऱ्हेने. अशा दुरुस्तीला शपथपत्र लागते, वरिष्ठांची लेखी परवानगी लागते. मी तिला तो नियम दोन वाक्यांत सांगितला आणि रांगेतील पुढच्या माणसाला बोलावले. ‘‘बरं फादर,’’ एवढेच म्हणून तिने छत्री उचलली. नियम बरोबर होता, मीही बरोबर होतो. मात्र मी तिला बसायलाही सांगितले नव्हते, हे रात्री जेवणाच्या टेबलावर मला आठवले आणि घास घशाखाली उतरेना.

त्या रात्री मला एका पोर्तुगीज वाणिज्यदूताची आठवण झाली. त्याचीच ही कथा. ही कथा जितकी एका माणसाची आहे, तितकीच व्हिसा नावाच्या त्या छोट्याशा शिक्क्याचीही आहे. म्हणून आधी त्या शिक्क्याविषयी थोडे सांगायला हवे.

‘पाहिलेला कागद’

‘व्हिसा’ हा शब्द लॅटिनमधून आला आहे. ‘कार्ता व्हिसा’ म्हणजे ‘पाहिलेला कागद’. अधिकाऱ्याने प्रवाशाचा कागद पाहिला, तपासला आणि त्यावर तशी खूण केली, एवढाच त्याचा मूळ अर्थ. सेमिनरीत लॅटिन क्रियापदे घोकताना या शब्दाकडे कधी लक्ष गेले नव्हते. आज मात्र त्यातील सूक्ष्म भेद मनात राहतो. पाहिला जातो तो कागद. माणूस पाहिला जातोच असे नाही.

आज आपल्याला वाटते की पासपोर्ट आणि व्हिसा हे फार पुरातन काळापासून चालत आले असतील. राजेमहाराजांची अभयपत्रे आणि परवाने पूर्वीही होते, हे खरे. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वे आली, प्रवाशांची संख्या अफाट वाढली आणि पश्चिम युरोपातील बहुतेक देशांनी पासपोर्टची सक्ती सोडून दिली. रशिया आणि तुर्की साम्राज्य यांसारख्या काही सत्तांनी ती कायम ठेवली. एरवी लंडनहून निघालेला प्रवासी पॅरिस ओलांडून रोमपर्यंत कोणत्याही शिक्क्याविना जाऊ शकत असे.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले आणि हे सारे संपले. हेरांच्या भीतीने प्रत्येक राष्ट्राने आपले दार लावून घेतले. हा उपाय युद्धापुरता म्हणून सांगण्यात आला होता. युद्ध संपले तरी तो उठला नाही. १९२० साली राष्ट्रसंघाने पॅरिस येथे परिषद भरवली आणि पासपोर्टच्या पुस्तिकेचा एक सर्वमान्य नमुना ठरवला. त्याच वर्षी ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात प्रवेश करणाऱ्यांसाठी पासपोर्ट सक्तीचा करणारा कायदा केला. जो निर्बंध आणीबाणीचा होता, तो नेहमीचा झाला.

या नव्या व्यवस्थेत एक नवा दुर्दैवी वर्ग जन्माला आला : ज्यांना कोणताही देश आपले म्हणत नाही, असे लोक. रशियन क्रांतीनंतर लाखो रशियन निर्वासित देशोदेशी विखुरले होते. त्यांच्यासाठी नॉर्वेचे फ्रित्यॉफ नान्सेन यांच्या पुढाकाराने १९२२ साली एक ओळखपत्र तयार झाले. तेच पुढे ‘नान्सेन पासपोर्ट’ म्हणून ओळखले गेले. त्याच वर्षी नान्सेन यांना नोबेल शांतता पारितोषिक मिळाले. परंतु ओळखपत्र असणे वेगळे आणि कुणी दार उघडणे वेगळे.

हे १९३८ साली सिद्ध झाले. हिटलरच्या छळातून सुटू पाहणाऱ्या ज्यू लोकांचा प्रश्न सोडवण्यासाठी फ्रान्समधील एव्हियाँ येथे ३२ देशांचे प्रतिनिधी जमले. सर्वांनी सहानुभूती व्यक्त केली आणि बहुतेकांनी आपापल्या अडचणी सांगितल्या. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून जर्मनीने ज्यू नागरिकांच्या पासपोर्टवर लाल ‘जे’ अक्षर उमटवण्यास सुरुवात केली. पुस्तिका उघडताच परक्या देशाच्या अधिकाऱ्याला समजावे की हा परत जाऊ शकणारा प्रवासी नव्हे. १९३९ च्या मे महिन्यात ‘सेंट लुई’ नावाचे जहाज ९०० हून अधिक प्रवासी घेऊन हॅम्बर्गहून क्यूबाला पोहोचले. प्रवाशांपाशी उतरण्याचे परवाने होते. पण जहाज निघण्यापूर्वीच नियम बदलून ते रद्दबातल ठरवण्यात आले होते. मोजक्या लोकांखेरीज कुणालाही उतरू दिले गेले नाही. अमेरिकेनेही आश्रय दिला नाही. जहाज युरोपला परतले आणि त्यातील शेकडो प्रवासी पुढे नाझींच्या हाती सापडून मरण पावले. त्यांच्यापैकी कुणीही गुन्हा केला नव्हता. त्यांच्या कागदांत उणीव होती.

काबानास द व्हिरियातोचा भाविक गृहस्थ

अरिस्तिदेस द सोझा मेंदिस यांचा जन्म १९ जुलै १८८५ रोजी मध्य पोर्तुगालमधील काबानास द व्हिरियातो या गावी झाला. या नावातील ‘सोझा’ आपल्याकडच्या डिसोझा कुटुंबांना परका वाटणार नाही. १५३४ ते १७३९ या काळात वसई पोर्तुगीज अमलाखाली होती आणि त्या काळात स्नानसंस्काराबरोबर आलेली आडनावे आपण आजही लावतो. मेंदिस यांचे घराणे खानदानी, राजनिष्ठ आणि कट्टर कॅथलिक. वडील न्यायाधीश. अरिस्तिदेस आणि त्यांचे जुळे बंधू सेझार या दोघांनीही कोइंब्रा विद्यापीठात कायद्याचे शिक्षण घेतले आणि दोघेही परराष्ट्र सेवेत शिरले. झांझिबार, ब्राझील, सान फ्रान्सिस्को, अँटवर्प अशा ठिकाणी अरिस्तिदेस यांनी वाणिज्यदूत म्हणून काम केले. पत्नी आंजेलिना हिच्यापासून त्यांना १४ अपत्ये झाली.

१९३८ साली त्यांची नेमणूक फ्रान्समधील बोर्दो या बंदराच्या शहरी झाली. त्यावेळी पोर्तुगालची सारी सत्ता अंतोनियो द ऑलिव्हेरा सालाझार यांच्या मुठीत होती. पंतप्रधानपद आणि परराष्ट्रमंत्रिपद दोन्ही त्यांच्याकडेच. सालाझार यांच्या राजवटीची ओळख आपल्या शेजारच्या गोव्याला वेगळी करून द्यायला नको. गोमंतकाच्या स्वातंत्र्याचा उच्चार करणाऱ्या त्रिस्तांव ब्रागांझ कुन्य यांना याच राजवटीने १९४६ नंतर पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात कोंडले होते. राज्य धर्माचे नाव घेणारे होते. परंतु त्याचा खरा धर्म आज्ञापालन हा होता.

परिपत्रक क्रमांक १४

महायुद्ध सुरू झाल्यावर पोर्तुगालने तटस्थ राहण्याचे ठरवले. देश लहान, गरीब. शेजारी फ्रँकोचे स्पेन, त्यापलीकडे हिटलरचे सैन्य. निर्वासितांचे लोंढे आले तर आपण युद्धात ओढले जाऊ, त्यांच्याबरोबर हेर आणि क्रांतिकारक येतील, ही सालाझार यांची भीती. ती अगदीच निराधार होती, असे म्हणता येणार नाही. राज्यकर्त्याला आपल्या घराच्या दाराची काळजी घ्यावी लागते.

११ नोव्हेंबर १९३९ रोजी सर्व पोर्तुगीज वाणिज्यदूतांना परिपत्रक क्रमांक १४ धाडण्यात आले. काही वर्गांतील परदेशी व्यक्तींना परराष्ट्र खात्याच्या पूर्वपरवानगीशिवाय व्हिसा देऊ नये, असा त्याचा आदेश होता. ज्यांचे नागरिकत्व अनिश्चित वा वादग्रस्त आहे ते, ज्यांना कोणतेच राष्ट्र नाही ते, नान्सेन पासपोर्टधारक, रशियन, ज्या देशातून आले तेथे मोकळेपणाने परत जाता येईल असे दाखवू न शकणारे, आणि आपापल्या देशातून हाकलले गेलेले ज्यू. हे वर्ग नीट वाचावेत. ज्यांना आश्रयाची सर्वाधिक गरज, नेमकी त्यांचीच ती यादी होती.

आता व्हिसाची साखळी कशी चालते, हे समजून घेतले पाहिजे. फ्रान्समधून बाहेर पडण्याचा मोकळा मार्ग स्पेनमधून होता. स्पेन निर्वासितांना ठेवून घेण्यास तयार नव्हते. केवळ आपल्या भूमीवरून जाऊ देण्याचा व्हिसा देत असे, तोही पुढच्या देशाचा, म्हणजे पोर्तुगालचा, प्रवेश आधी हाती असेल तरच. पोर्तुगालला हवे असे समुद्रापलीकडच्या देशाचा व्हिसा आणि जहाजाचे तिकीट. म्हणजे अमेरिकेच्या कागदावाचून लिस्बनचा शिक्का नाही, लिस्बनच्या शिक्क्यावाचून माद्रिदचा नाही, आणि एकाची मुदत संपली की सगळी माळ पुन्हा सुरुवातीपासून ओवायची. ज्यांनी आजच्या काळात मुलाबाळांसाठी वाणिज्य दूतावासांच्या पायऱ्या झिजवल्या आहेत, त्यांना ही माळ ओळखीची वाटेल. फरक एवढाच, की त्या लोकांच्या मागे जर्मन रणगाडे होते.

मेंदिस यांनी परिपत्रकाचे उल्लंघन प्रथम जून महिन्यात केले असे नाही. त्याच नोव्हेंबरात त्यांनी अर्नोल्ड विझ्निट्झर या ऑस्ट्रियन ज्यू प्राध्यापकाला परवानगीची वाट न पाहता व्हिसा दिला. पुढे एका स्पॅनिश प्रजासत्ताकवाद्यालाही दिला. लिस्बनहून त्यांना सक्त ताकीद आली. पुन्हा असे घडल्यास शिस्तभंगाची कारवाई होईल, हे त्यांना चांगले ठाऊक होते.

तीन दिवस

१० मे १९४० रोजी जर्मन सैन्य बेल्जियम आणि हॉलंडमध्ये घुसले. १४ जूनला पॅरिस पडले. फ्रेंच सरकार बोर्दोला आले आणि त्याच्या मागोमाग लाखो माणसे. चौकांत, उद्यानांत, मोटारींत, स्टेशनच्या फलाटांवर लोक झोपत होते. गारोन नदीच्या काठावरील पोर्तुगीज वाणिज्य दूतावासासमोर रस्ताभर माणसे उभी होती. जिन्यावर माणसे, खोल्यांत माणसे. जागा जाईल म्हणून पाणी प्यायलाही कुणी हलत नव्हते.

या गर्दीत मेंदिस यांची भेट खाइम क्रूगर या मूळ पोलंडच्या रब्बींशी झाली. बेल्जियममधून पत्नी आणि ५ मुलांसह ते पळून आले होते. मेंदिस यांनी त्या कुटुंबाला घरी नेले, आसरा दिला आणि त्यांच्यासह काही जणांसाठी लिस्बनकडे तारेने परवानगी मागितली. उत्तर आले : नाही. तेव्हा मेंदिस यांनी त्या कुटुंबाला स्वतःच्या जबाबदारीवर व्हिसा देऊ केला. रब्बींनी तो नाकारला. बाहेर रस्त्यावर माझे हजारो बांधव आहेत. त्यांना मिळत नसेल तर मीही घेणार नाही, असे त्यांनी सांगितले.

या नकाराचे मला नेहमी नवल वाटते. एका कुटुंबाला मदत करून मनाचे समाधान मिळवणे ही सज्जन माणसाची नेहमीची पळवाट असते. रब्बींनी तीच बंद केली.

त्यानंतर मेंदिस आजारी पडले. सुमारे तीन दिवस ते अंथरुणाला खिळून होते. ताप होता, घाम होता, तळमळ होती. एका बाजूला तीस वर्षांची नोकरी, १४ मुले, घराण्याचा लौकिक, सरकारशी केलेली इमानाची शपथ. दुसऱ्या बाजूला खिडकीतून येणारा त्या गर्दीचा आवाज. त्या तीन दिवसांत त्यांच्या अंतःकरणात काय चालले होते, हे देवाला ठाऊक. सोमवार, १७ जून रोजी, ज्या दिवशी मार्शल पेताँ यांनी युद्ध थांबवण्याचा मनोदय देशाला कळवला, त्या दिवशी मेंदिस उठले, दाढी केली, कपडे केले आणि बाहेर येऊन त्यांनी सांगितले की राष्ट्र, वंश, धर्म न पाहता सर्वांना व्हिसा दिला जाईल.

मग काम सुरू झाले. मुले मदतीला बसली, कार्यालयाचे सचिव बसले. रब्बी क्रूगर रस्त्यावरून पासपोर्ट गोळा करून आणत आणि सह्या झालेले परत नेऊन देत. शुल्क घेणे बंद झाले. नोंदवहीत नावे लिहिणे मागे पडले. वेळ वाचावा म्हणून पूर्ण नावाऐवजी केवळ ‘मेंदिस’ एवढीच सही होऊ लागली. पासपोर्ट नसेल तर साध्या कागदावर शिक्का. त्या रांगेत गरीब कारागीर होते, तसेच ऑस्ट्रियाच्या माजी राजघराण्यातील ओट्टो फॉन हॅब्सबुर्ग यांचे कुटुंबही होते. एका खोडकर माकडाच्या गोष्टींनी पुढे जगभरातील मुलांना हसवणारे रे दांपत्यही याच वाटेने सुटले.

२० जूनच्या सुमारास ते दक्षिणेकडील बायोन येथे गेले. तेथील दुय्यम अधिकारी परिपत्रकावर बोट ठेवून बसला होता. मेंदिस त्याचे वरिष्ठ. त्यांनी कारभार आपल्या हाती घेतला आणि तेथेही सह्या सुरू केल्या. पुढे ते सीमेवरील आंदाय गावापर्यंत गेले. तोवर लिस्बनला बातमी पोहोचली होती. माद्रिदमधील पोर्तुगीज राजदूत तेओतोनियो परेरा स्वतः सीमेवर आले आणि मेंदिस यांचे व्हिसा ग्राह्य नाहीत, असे त्यांनी स्पॅनिश अधिकाऱ्यांना कळवले. २४ जूनला सालाझार यांनी मेंदिस यांना परत बोलावले. असे सांगतात की मुख्य नाका बंद झाल्यावर काही निर्वासितांच्या मोटारींपुढे आपली मोटार घालून मेंदिस त्यांना एका आडबाजूच्या नाक्यावर घेऊन गेले. तेथील पहारेकऱ्यांकडे दूरध्वनी नव्हता, म्हणून नवा हुकूम त्यांना ठाऊक नव्हता.

शिक्षा

मायदेशी परतल्यावर चौकशी झाली. आपला हेतू केवळ माणुसकीचा होता, असे मेंदिस यांनी आपल्या लेखी निवेदनात मांडले. ३० ऑक्टोबर १९४० रोजी सालाझार यांनी निकाल दिला : एक वर्ष अर्ध्या वेतनावर पदाविना राहणे आणि त्यानंतर सक्तीची निवृत्ती. ५५ व्या वर्षी माणूस संपवण्यास एवढे पुरेसे होते. मुलांना देशात मार्ग उरले नाहीत. एकेक करून बहुतेक मुले परदेशी गेली. ज्या घरात एके काळी निर्वासितांना आसरा मिळाला होता, ते गावचे मोठे घर कर्जापायी गेले. लिस्बनमध्ये ज्यू समाजाने निर्वासितांसाठी चालवलेल्या भोजनगृहात हे कुटुंब जेवायला जात असे. दारात आलेल्यांना ज्याने दार उघडले, तोच आता त्यांच्या पंक्तीत बसला.

१९४५ साली त्यांना पक्षाघाताचा झटका आला. १९४८ साली आंजेलिना वारली. ३ एप्रिल १९५४ रोजी लिस्बनमधील फ्रान्सिस्कन तृतीय संघाच्या रुग्णालयात मेंदिस यांनी देह ठेवला. अंगावर घालण्यास चांगला पोशाख नव्हता, म्हणून फ्रान्सिस्कन झग्यात त्यांना पुरण्यात आले, असे सांगितले जाते. वृत्तपत्रांनी फारशी दखल घेतली नाही.

सन्मान उशिरा आणि बाहेरून सुरू झाला. १९६६ साली जेरुसलेमच्या याद वाशेम या स्मृतिसंस्थेने त्यांना ‘राष्ट्रांतील नीतिमान’ म्हणून गौरवले. पोर्तुगालमधील हुकूमशाही १९७४ साली कोसळल्यावरही आणखी काही वर्षे गेली. १९८७ साली अध्यक्ष मारियो सोआरेस यांनी कुटुंबीयांची क्षमा मागितली आणि १९८८ साली संसदेने त्यांना सेवेत सन्मानाने पुनःस्थापित केले. १९ ऑक्टोबर २०२१ रोजी लिस्बनच्या राष्ट्रीय स्मारकात त्यांच्या नावाची समाधिशिला बसवण्यात आली. देह गावच्या मातीतच राहिला. पोप फ्रान्सिस यांनी १७ जून २०२० रोजी आपल्या सार्वजनिक भेटीत त्यांचे नाव घेऊन सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्याचा विषय मांडला होता.

इतिहासाशी प्रामाणिक राहायचे तर दोन गोष्टी सांगायला हव्यात. पहिली, आकड्यांची. मेंदिस यांनी ३०,००० व्हिसा दिले असे सर्वत्र लिहिले जाते. हा आकडा फुगवलेला आहे, असे काही इतिहासकार साधार मांडतात. बोर्दोच्या नोंदवहीतील त्या पंधरवड्याच्या नोंदी दोन हजारांच्याही आत आहेत. बायोनचे व्हिसा आणि नोंद न झालेले व्हिसा धरले तरी ‘हजारो’ एवढेच खात्रीने म्हणावे. त्याने कृत्याचे मोल कमी होत नाही. दुसरी गोष्ट, माणसाची. त्याच १९४० साली एका फ्रेंच स्त्रीपासून त्यांना विवाहबाह्य मुलगी झाली. आंजेलिनाच्या मृत्यूनंतर त्यांनी त्या स्त्रीशी विवाह केला. घरात यामुळे दुःख झाले असणारच. वेदीवर बसवण्यासारखा हा संत नव्हता. मला मात्र यातच धीर वाटतो. ज्या माणसाचे स्वतःचे घर नीट नव्हते, त्याच्याही हातून देवाने एवढे मोठे काम करून घेतले.

वेशीचे दार

मी स्वतः आज्ञाधारकतेचे वचन दिलेला माणूस आहे. गुरुदीक्षेच्या दिवशी बिशपांच्या हातांत हात ठेवून ते दिले. म्हणून या कथेतील अवघड प्रश्न मी टाळू इच्छीत नाही : प्रत्येक अधिकारी जर आपापल्या मनाप्रमाणे नियम मोडू लागला, तर राज्य कसे चालेल?

सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना ‘एपिकेया’ नावाचा एक गुण शिकवला जात असे. नियमाचे अक्षर जेथे नियम करणाऱ्याच्या हेतूलाच घातक ठरते, तेथे हेतू सांभाळणे म्हणजे एपिकेया. संत थॉमस अक्विनास यांनी यासाठी दिलेले उदाहरण आपल्या विषयाला विलक्षण जुळते. वेढा पडलेल्या शहरात वेशीचे दार बंद ठेवावे असा नियम आहे. तो सर्वांच्या हिताचा आहे. पण शहराचे रक्षण करणारे आपलेच लोक शत्रूने पाठलाग केल्यामुळे दारापाशी आले, तर दार उघडलेच पाहिजे; कारण नियम शहर वाचवण्यासाठी होता. मात्र संत थॉमस एक अट घालतात : धोका तातडीचा असावा, वरिष्ठांना विचारण्यास वेळ नसावा. वेळ असेल तर विचारावे.

येथेच मेंदिस यांची कथा अधिक कठीण होते. त्यांनी विचारले होते आणि उत्तर ‘नाही’ असे आले होते. म्हणजे नियम करणाऱ्याचा हेतू काय असेल, असा अंदाज करण्यास जागाच उरली नव्हती. शिवाय वेशीबाहेर उभे असलेले लोक त्यांच्या शहराचे नव्हते. एपिकेयाचा आधार येथे पुरत नाही. उरते ती संत थॉमस यांचीच दुसरी शिकवण : देवाच्या आज्ञेविरुद्ध जाणारा कायदा पाळू नये. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली सदसद्विवेकाला माणसाच्या अंतरंगातील पवित्र स्थान म्हटले, ते याच परंपरेतून. आणि हे स्थान किती महाग पडते, हे ते तीन दिवस सांगतात. ज्याला नियम मोडणे सोपे वाटते, त्याने बहुधा सदसद्विवेकाचे ऐकलेले नसते. स्वतःच्या लहरीचे ऐकलेले असते. मेंदिस यांना ते सोपे वाटले नाही. ते पळून गेले नाहीत, परिपत्रक आपल्याला मिळालेच नाही असेही म्हणाले नाहीत. त्यांनी सही केली, घरी परतले आणि शिक्षा भोगली.

देशांना आपल्या दारावर नियम असण्याचा हक्क आहे. आपले घर आपण रात्री बंद करतोच. परंतु पवित्र कुटुंबही एका रात्री हेरोदाच्या भयाने सीमा ओलांडून इजिप्तला गेले होते, हे आपण दर नाताळात ऐकतो. आणि १९५२ साली स्थलांतरितांविषयी काढलेल्या प्रेषितीय दस्तऐवजात पोप बारावे पायस यांनी त्याच कुटुंबाला सर्व निर्वासितांचा आदर्श म्हटले. अंतिम न्यायाच्या दिवशी आपल्याला जे प्रश्न विचारले जाणार आहेत, त्यांत परक्याला घरात घेतलेस का, हाही एक आहे.

आपल्यापैकी फार थोड्यांच्या हाती कधी एखाद्या देशाचा शिक्का येईल. पण लहानसहान शिक्के पुष्कळांच्या हाती असतात. कुणी बँकेच्या खिडकीमागे बसतो, कुणी शाळेत प्रवेशाचे अर्ज तपासतो, कुणी पतपेढीत कर्जाची कागदपत्रे पाहतो, आणि कुणी धर्मग्रामाच्या कार्यालयात स्नानसंस्काराचे दाखले देतो.

त्या माउलीच्या घरी मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेलो. नियम मोडायचे काही कारणच नव्हते. शपथपत्र कसे करायचे हे तिला ठाऊक नव्हते आणि विचारायला ती लाजली होती, एवढेच. मी मजकूर लिहून दिला, शेजारच्या मुलाला तिच्याबरोबर नोटरीकडे पाठवले आणि परवानगीचे पत्र स्वतः घेऊन गेलो. चौथ्या दिवशी दाखला तयार झाला. तो घेण्यासाठी ती आली, तेव्हा कार्यालयात नेहमीसारखीच रांग होती. मी उठून तिला आधी खुर्ची दिली आणि मग नोंदवही उघडली.